हिमोग्लोबिन ८.३, तीन महिने गोळ्या आणि रिपोर्ट तिथल्या तिथं

प्रश्न : माझं वय ४१. जळगाव जिल्ह्यात शिक्षिका आहे. जिना चढताना धाप लागते म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ८.३ निघालं. तीन महिने लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या, आता ८.६ आहे. गोळी सकाळच्या चहा-पोळीनंतर लगेच घेते, त्याच वेळी कॅल्शियमची. अ‍ॅसिडिटीची गोळी दोन वर्षं रोज चालू आहे. आम्ही शाकाहारी आहोत. हल्ली पायांच्या बोटांना मुंग्या येतात. पाळीत पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, गाठीही पडतात. सहा वर्षांपूर्वी तांबी बसवली आहे. आता डॉक्टरांनी स्मिअर, रेटिक काउंट, फेरिटिन, सीआरपी, बी-१२, एचपीएलसी, क्रिएटिनिन, टीएसएच आणि सोनोग्राफी अशी लांबलचक यादी दिली आहे. एवढं सगळं खरंच लागतं का? मैत्रीण म्हणते, सरळ लोहाचं सलाइन लावून घे. शिवाय सासऱ्यांचं (वय ६७) हिमोग्लोबिनही ९.४ आलं, म्हणून तेही माझ्याच गोळ्या घेतायत. चालेल ना? पहिला रिपोर्ट सोबत पाठवते.

उत्तर : आधी मनातल्या शंकेचं. डॉक्टर लुबाडत नाहीयेत. यादीतली एक तपासणी थोडी थांबू शकते, ती कोणती ते पुढे येईलच. बाकीच्या बहुतेक तीन महिन्यांपूर्वी, पहिली गोळी घेण्याआधीच व्हायला हव्या होत्या. सासऱ्यांनी मात्र तुमच्या गोळ्या आजपासून बंद कराव्यात.

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली (गरोदर असेल तर ११ च्या) आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की त्याला अ‍ॅनिमिया म्हणतात. पण ताप आहे म्हटल्याने तो मलेरियाचा की टायफॉइडचा हे कळत नाही, तसंच हे. रक्त कमी होतं ते तीनच वाटांनी. एक तर हाडांतल्या मज्जेत कमी बनतं, किंवा बनलेलं लवकर फुटतं, किंवा अंगाबाहेर जातं. तपासण्यांची सगळी खटपट यातली वाट कोणती, किंवा कोणत्या दोन, हे शोधण्यासाठी असते. दोन वाटा एकदम असणं आपल्याकडे अजिबात दुर्मीळ नाही, आणि तुमच्या पत्रावरून तसंच दिसतंय.

तुमच्याकडे असलेल्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदातच बरंच काही आहे. लोक फक्त हिमोग्लोबिनचा आकडा बघतात आणि कागद घडी घालून ठेवतात. त्याखालच्या ओळी वाचा. तुमची एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, ६८ आहे. ते साधारण ८० ते १०० हवं. पेशी लहान आहेत. लहान पेशींची आपल्याकडची नेहमीची कारणं दोन, लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन बनण्यातला सौम्य आनुवंशिक दोष. जुना आजार किंवा सूज अंगात मुरलेली असेल तर तीही कधी कधी पेशी लहान करते.

आता एक छोटा भागाकार करा. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागायचं. तुमच्या रिपोर्टमध्ये पेशी ४.१ दशलक्ष आहेत, म्हणजे ६८ भागिले ४.१, उत्तर साधारण १६.६. हे उत्तर १३ च्या वर असेल तर कल लोहाच्या कमतरतेकडे, खाली असेल तर थॅलेसेमिया मायनरकडे. कारण मायनरमध्ये पेशी लहान असल्या तरी संख्येने भरपूर असतात, बरेचदा ५ दशलक्षांच्या वर. लोह कमी असेल तर आकार आणि संख्या दोन्ही घसरतात. तुमची आरडीडब्ल्यूही १८.६ आहे, नेहमीची मर्यादा साडेचौदाच्या आसपास. म्हणजे लहान-मोठ्या पेशींची सरमिसळ आहे. प्लेटलेट ४.७ लाख आहेत, आणि लोह कमी असताना त्या अशा थोड्या वाढतात. तीनही आकडे एकाच दिशेला बोट दाखवतायत. तरी हा अंदाजच. भागाकारावर कुणी उपचार करू नयेत.

अंदाज पक्का करतं ते फेरिटिन, अंगातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा. डब्यातलं पीठ म्हणजे हिमोग्लोबिन, कणगीतलं धान्य म्हणजे फेरिटिन. कणगी रिकामी झाली तरी डबा काही दिवस पुरतो, म्हणून फेरिटिन आधी घसरतं आणि हिमोग्लोबिन मागून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी प्रौढात १५ नॅनोग्रॅमच्या खाली ते गेलं तर लोह नक्की कमी आहे. बरेच डॉक्टर ३० च्या खालीच कमी धरतात. मेख अशी की अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असला की फेरिटिन खोटं वर चढतं. नुकताच ताप येऊन गेलेल्या माणसाचं ६० येईल आणि वाटेल, लोह आहे की! म्हणून सोबत सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी तपासणी, लिहिलीय. ती वाढलेली असेल तर हीच सीमारेषा ७० पर्यंत वर न्यावी लागते आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलंय ते, बघावं लागतं. ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर पेशी बनवायला लोह पुरत नाहीये असं समजतात. सर्दी-खोकला-ताप चालू असेल तर दोन-तीन आठवडे थांबून फेरिटिन करा. नुसतं ‘सीरम आयर्न’ करून घेऊ नका. तो आकडा सकाळ-संध्याकाळ बदलतो आणि आदल्या दिवशीच्या गोळीनेही वर जातो, त्यावरून काहीच ठरत नाही. तरी पुष्कळ ‘फुल बॉडी’ पॅकेजांत तोच असतो, आणि स्मिअर व रेटिक काउंट मात्र नसतात!

रेटिक काउंट म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी. रक्त बाहेर चाललंय किंवा फुटतंय तर मज्जा जोर लावते आणि हा आकडा वाढतो. कच्चा माल नसेल तर जोर लावूनही वाढत नाही. यात लॅबच्या कागदावरचा टक्का जसाच्या तसा धरला तर हमखास चूक होते. समजा तुमचा ३ टक्के आला. मर्यादा अडीचपर्यंतची, म्हणजे ‘वाढलेला’ छापून येईल. पण तुमचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के ते, २८ आहे, ४५ नाही. ३ गुणिले २८ भागिले ४५ केलं की १.९ उरतात. त्यातही अशा अवस्थेत कोवळ्या पेशी मज्जेतून लवकर बाहेर येतात आणि रक्तात जास्त काळ मोजल्या जातात, म्हणून पुन्हा साधारण दीडने भागायचं. राहिले सव्वा. दोनच्या खाली म्हणजे मज्जा कमी पडतेय. वाढलेला दिसणारा आकडा प्रत्यक्षात कमी निघाला. दुरुस्तीनंतरही तो तीनच्या वर राहिला, तर मात्र रक्त कुठे तरी फुटतंय किंवा वाहतंय का हे बघायचं. फुटत असेल तर एलडीएच आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढतात, हॅप्टोग्लोबिन घसरतं, डोळे पिवळट दिसतात. मग कूम्ब्स टेस्ट, जी-६-पीडी वगैरे पुढचा रस्ता. तुमच्या बाबतीत तिकडे जावं लागेल असं वाटत नाही.

स्मिअर ही यादीतली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित तपासणी. काचेवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, डॉक्टर डोळ्यांनी पेशी बघतात. लोह कमी असेल तर मधोमध फिकट, रिंगणासारख्या पेशी आणि मधूनच पेन्सिलीसारख्या लांबट पेशी दिसतात. बी-१२ कमी असेल तर पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला पाच-सहा पाळ्या, म्हणजे खंड, दिसतात. एकच पेशी सहा पाळ्यांची सापडली तरी पॅथॉलॉजिस्ट कान टवकारतात. यात मशिनला न कळणारी एक गोष्ट असते. लोहाअभावी लहान झालेल्या आणि बी-१२ अभावी मोठ्या झालेल्या पेशी एकत्र असल्या की एमसीव्हीची सरासरी ८५ येते, अगदी नॉर्मल! काचेवर मात्र दोन जातीच्या पेशी स्पष्ट दिसतात. म्हणून नमुना अशा ठिकाणी द्या जिथे स्मिअर दोन-तीन तासांत बनतो. सकाळी रक्त घेऊन संध्याकाळच्या गाडीने शहरात पाठवलं, तर नळीत पेशी फुगतात, कडा वाकड्यातिकड्या होतात आणि एमसीव्हीसुद्धा वाढून येते.

मुंग्यांमुळे बी-१२ टाळता येणार नाही. शाकाहार आणि दोन वर्षं अ‍ॅसिडिटीची गोळी, दोन्हींमुळे बी-१२ घटतं. २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी. २०० ते ३०० मध्ये शंका, तिथे होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड करून खात्री करतात. आधी एक करा. गोळीच्या पट्टीची मागची बाजू वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच लोहाच्या कॅप्सूलमध्ये सायनोकोबालामिन किंवा मिथाइलकोबालामिन (ही बी-१२ चीच रूपं) आणि फॉलिक अ‍ॅसिड घातलेलं असतं. तसं असेल तर रक्तातला बी-१२ वर येईल आणि जुनी कमतरता झाकली जाईल. डॉक्टरांना ते सांगा. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड जास्त घेणं तर धोक्याचं, कारण बी-१२ कमी असताना त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. नमुना देण्याआधी बी-१२ चं इंजेक्शन घेऊ नका. मुंग्या वाढत असतील तर नमुना लगेच द्या आणि रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करायचे का हे डॉक्टरांना विचारा.

क्रिएटिनिन किडनीसाठी आहे, कारण किडनी थकली की रक्त बनवण्याचा इशारा देणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी पडतं. टीएसएच थायरॉइडसाठी. थायरॉइड मंद असेल तर अ‍ॅनिमियाही होतो आणि पाळीत अंगावरून जास्तही जातं, म्हणून तुमच्यासाठी ती दुहेरी उपयोगाची.

थांबू शकते ती एचपीएलसी. तिच्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. ए-२ हा प्रकार साडेतीन-चार टक्क्यांच्या वर असेल तर थॅलेसेमिया मायनर. लोह खूप कमी असताना ए-२ थोडं खाली उतरतं आणि मायनर निसटू शकतो. तुमचा भागाकार १६.६ आहे, म्हणून आधी लोह भरून घ्यावं आणि तरीही एमसीव्ही ८० च्या खालीच राहिली तर ही तपासणी करावी, असं आमचं मत. अपवाद आहेत. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल, किंवा कुणी लग्नाचा वा मुलाचा विचार करत असेल, तर आत्ताच करा. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भात सिकलसेल बरंच आहे, सिंधी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत थॅलेसेमिया मायनर जास्त आढळतो. तिथे डॉक्टर पहिल्याच फेरीत एचपीएलसी लिहितात, आणि बरोबर करतात. नुसत्या सिकल वाहकाचं हिमोग्लोबिन मात्र त्यामुळे ८ पर्यंत उतरत नाही. वाहक निघाला म्हणून कारण सापडलं असं समजून शोध थांबवायचा नाही. आणि कुणाला रक्त चढवायची वेळ आलीच, तर एचपीएलसीचा नमुना आधी काढून ठेवावा. नंतर तीन महिने त्या रिपोर्टमध्ये दात्याचं रक्तही मोजलं जातं.

आता तीन महिने गोळ्या घेऊन ८.३ चे ८.६ का झाले ते बघू. पहिलं म्हणजे एवढा फरक मशिनच्या आणि रोजच्या चढउताराचाच असतो. तुम्ही जागच्या जागी आहात. गोळी लागू पडली तर हिमोग्लोबिन चार आठवड्यांत निदान एकाने, बहुधा दोनाने वाढतं. कारणं तुमच्या पत्रातच आहेत. चहातलं टॅनिन लोह बांधून ठेवतं, कॅल्शियम त्याच्या वाटेत येतं, आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळीने जठरातलं आम्ल घटल्यामुळे लोह विरघळत नाही. तीनही एकाच सकाळी! गोळी चहापासून निदान दोन तास दूर, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर, लोह शक्यतो उपाशीपोटी, लिंबू पाण्याबरोबर. पोट दुखत असेल तर रोजऐवजी एक दिवसाआड घ्या. लोहाचा एक डोस गेला की यकृत हेप्सिडिन हे लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक सोडतं आणि पुढचा दिवसभर आतडं लोह कमी शोषतं, त्यामुळे एक दिवसाआड घेण्यात फारसं नुकसान नाही. अ‍ॅसिडिटीची गोळी अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारा.

दुसरं कारण जास्त मोठं. दर दोन तासांनी पॅड आणि गाठी, हे जास्त जाणंच आहे. एका पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाणं नेहमीचं, ८० च्या वर गेलं की जास्त धरतात. निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, आणि आतडं अन्नातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषू शकतं. या हिशेबात दर महिन्याला गळती असेल तर भरणा पुरत नाही. तांब्याच्या तांबीने अंगावरून जाणं वाढतं, हे माहीत असलेलं कारण आहे. शिवाय गर्भाशयात गाठ किंवा भिंत जाड होणं, म्हणजे फायब्रॉइड किंवा अ‍ॅडिनोमायोसिस, तुमच्या वयात नेहमी सापडतं. म्हणून सोनोग्राफी. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना दोन पाळ्यांत रोज किती पॅड, किती भिजलेले आणि गाठी किती मोठ्या, एवढं कॅलेंडरवर लिहून न्या. वयात आल्यापासूनच असं जात असेल, किंवा दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर तेही सांगा. मग रक्त गोठण्याचा दोष बघावा लागतो.

पाळी सापडली म्हणजे शोध संपला, असं मात्र समजू नका. पोट वारंवार बिघडणं, वजन उतरणं, शौचातून रक्त, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर यातलं काही असेल, किंवा गोळ्या नीट घेऊन, पाळी आटोक्यात येऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर पोटाकडे वळायचं. तेव्हा सीलिअ‍ॅकसाठी (गव्हाने आतडं बिघडण्याचा आजार) टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी (गहू खाणं चालू असतानाच, सोडल्यावर ती खोटी नॉर्मल येते), जठरातल्या एच. पायलोरी जंतूची तपासणी, आणि दुर्बीण. शेतात अनवाणी चालणाऱ्यांत आकडीजंत बघायला शौचाची तपासणी. आणि एक प्रश्न डॉक्टर विचारतील, लाजू नका: कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल, माती किंवा बर्फ खावासा वाटतो का? ही लोह कमी असल्याची खूण आहे. बऱ्याच बायका वर्षानुवर्षं घरात लपवून ठेवतात.

सलाइनबद्दल. वजन, हिमोग्लोबिन आणि साठ्याचं एक सूत्र असतं. त्यानुसार ५० किलोच्या बाईला ८.३ वरून १५ वर न्यायला आणि साठा भरायला सुमारे १३०० मिलिग्रॅम लोह लागतं. बीट, गूळ, खजुराने ते भरत नाही हे खरंच. खायला हरकत नाही, भरवसा ठेवू नये. सलाइन चांगला उपाय आहे, पण फेरिटिन कमी असल्याचं हातात आल्यावर. आधी लावलं तर फेरिटिन कित्येक आठवडे फुगलेलं राहतं आणि कारण शोधायची वाट बंद होते. गळती न थांबवता लावलं तर वर्षभरात परत तिथंच याल. आणि लहान पेशी थॅलेसेमिया मायनरमुळे असल्या व लोह कमी नसलं, तर ते लोह अंगात नुसतं साठत जातं. ते दवाखान्यातच, डॉक्टर हजर असताना घ्यायचं असतं, घरी बोलावलेल्या कंपाउंडरकडून नाही.

आता सासरे. त्यांच्यासाठी हे उत्तर जास्त तातडीचं आहे. पुरुषाला पाळी नाही. ६७ व्या वर्षी लोह कमी झालं असेल तर ते पोटातून गळतंय असंच आधी धरतात, आणि दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तसंच धरून चालतात. गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या घेत असतील तर जठरात व्रण असू शकतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर कित्येकदा पहिल्यांदा फक्त कमी हिमोग्लोबिन म्हणूनच समोर येतो. तुमच्या गोळ्यांनी दोन घोटाळे होतात. रक्त थोडं वाढतं आणि सगळे निर्धास्त होतात. शिवाय लोहाने शौच काळं होतं, त्यामुळे रक्ताने झालेलं काळं शौच ओळखू येत नाही. रक्ताचं शौच डांबरासारखं चिकट, चकचकीत आणि फार घाण वासाचं असतं. तसं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

त्यांची सीबीसी-स्मिअर, फेरिटिन, सीआरपी, बी-१२, क्रिएटिनिन एकाच नमुन्यात होईल. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ घटलेलं असू शकतं, आणि मधुमेहाने किडनी थकली असेल तर क्रिएटिनिन सांगेल. फेरिटिन कमी निघालं तर वरून आणि खालून, दोन्ही दुर्बिणी करायच्या. वरून जठरात बारीकसा व्रण दिसला म्हणून खालची टाळू नका. शौचातल्या लपलेल्या रक्ताची चाचणी निगेटिव्ह आली म्हणूनही नाही, कारण गळती रोज होत नाही. फेरिटिन नॉर्मल, पण पाठ-कंबर सतत दुखते आणि क्रिएटिनिन किंवा कॅल्शियम वाढलेलं असेल, तर मायलोमासाठी, म्हणजे मज्जेतल्या एका कॅन्सरसाठी, प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी विचारा. हिमोग्लोबिनबरोबर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही कमी असतील, तर रक्तविकारतज्ज्ञ कंबरेच्या मागच्या हाडातून मज्जा काढून तपासतात. ती भूल देऊन अर्ध्या तासात होते. अ‍ॅनिमियाच्या सगळ्यांना ती लागत नाही.

दोघांपैकी कुणालाही बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली असं झालं, तर यादी बाजूला ठेवून थेट रुग्णालयात जा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी फेरिटिन, सीआरपी, बी-१२, रेटिक, स्मिअर, क्रिएटिनिन, टीएसएच सकाळी एकाच सुईत द्या. उपाशी राहायची गरज नाही, आदल्या दिवशीची आणि त्या दिवशीची लोहाची गोळी मात्र घेऊ नका. सोनोग्राफी पाळी संपल्यावर लगेचच्या आठवड्यात. वेळा बदलून गोळ्या सुरू केल्यावर चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये सीबीसी परत करा, आणि हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं तरी साठा भरेपर्यंत पुढचे तीन महिने गोळ्या चालू ठेवा.